बारावी टाचणी

मामी तोंडात टाचण्या धरून जे बोलायची ते जगात दोघांनाच कळायचं. एक मामाला, आणि पुढे सवयीने मला. गिऱ्हाईक तीन पाखांच्या आरशासमोर उभं, मामी त्याच्या पायाशी गुडघ्यांवर, ओठांत चार टाचण्या, आणि आवाज यायचा, "उं-म्म्, म्म्-हुं." इस्त्रीच्या टेबलामागून मामा मान वर न करता सांगायचा, "ती म्हणतेय, असे ताठ उभे राहू नका. रोज उभे राहता तसे राहा. पँट रोजच घालायची आहे ना?"

गिऱ्हाईक एकदा हिच्याकडे बघायचं, एकदा त्याच्याकडे, आणि मग खांदे सैल सोडायचं. मामी लगेच खूण करून टाचणी लावायची.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहिले ती दोन वर्षं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. या जिन्याची तिसरी पायरी माझी. तिथून सगळं दुकान दिसायचं: काउंटर, दोन शिवणयंत्रं, शिकायला येणाऱ्या दोघी बायका, वाफ सोडणारी इस्त्री, आणि मधोमध मामी. ती उभी असो की गुडघ्यांवर, मधोमधच वाटायची.

मामी नवे कपडे फारसे शिवत नसे. ती दुरुस्तीतली होती. दुसऱ्या शिंप्यांनी "आता याचं काही होणार नाही" म्हणून परत केलेले कपडे तिच्याकडे यायचे. ती कापड उलटं करायची, शिवणी बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "ज्याने शिवलंय त्याने माया ठेवलीय आत. होईल." माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. पुढेमागे माणूस जाड झाला तर उसवून वाढवता यावं म्हणून ठेवतात. ज्या कपड्यात माया नसे तो कपडा हातात घेऊन ती शिवणाऱ्याचा उद्धार करायची, तो माणूस कुठल्या गावचा, हयात आहे की नाही, हे माहीत नसताना.

टाचण्यांचा धडा तिला वडिलांकडून मिळाला. ते कामगारांचे डगले शिवणाऱ्या कारखान्यात होते. डावं मनगट, त्यावर पट्ट्याने बांधलेली छोटी गोल उशी, उशीत बारा टाचण्या. बाराच. ट्रायल झाली, गिऱ्हाईक गेलं, की प्रत्येक टाचणीच्या जागी खडूची रेघ आणि कच्चा टाका घालायचा, टाचणी काढून उशीत परत. शेवटी मोजायच्या. अकरा भरल्या तर बारावी कपड्यात आहे, आणि कपड्यात राहिलेली टाचणी कुणाच्या तरी कुशीत घुसणार. बारा भरल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जात नसे. एकतीस वर्षांत एकही टाचणी गिऱ्हाइकाबरोबर घरी गेली नाही, हे ती महिन्यातून एकदा तरी सांगायची. मामा संध्याकाळी काठीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवायचा आणि म्हणायचा, "माझ्याकडेही आज काही नाही." त्याने नुसतं हे सांगितलं तरी तिचा चेहरा उजळायचा.

तोंडात टाचण्या धरायची परवानगी मात्र दुकानात तिला एकटीला होती. शिकणाऱ्या दोघींनी उशीतूनच एकेक घ्यायची. एकदा धाकटीने उगाच ऐटीत दोन टाचण्या ओठांत धरल्या, तर मामीने तिच्या हनुवटीखाली तळहात धरला. "टाक."

"तुम्ही धरता ना, बाई?"

"माझं तोंड एकतीस वर्षांचं आहे. तुझं अजून शेंबडं आहे. टाक."

ती कशी धरायची ते मी बारकाईने बघितलं होतं. डोकी बाहेर, टोकं आत, ओठांच्या उजव्या कोपऱ्यात. बोटांनी डोकं पकडून टाचणी ओढली की ती सरळ कापडात जायची, मधे एक क्षणही वाया जात नसे. टोकं आत आहेत याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

त्या मंगळवारी दुपारी बँडमास्तर आला. शहराच्या बँडचा हा मास्तर, तुतारी वाजवून वाजवून गालाला कायमचे दोन फुगे आलेला, आणि पोटाला एक. वीस वर्षांपूर्वीचा निळा कोट खांद्यावर, पितळी बटणं, आणि काज आणि बटण यांच्यात चांगलं चार बोटांचं अंतर.

"बाई, महिन्यावर कार्यक्रम आलाय. नवा कोट शिवा म्हणू नका. या कोटात मी पहिल्यांदा पुढे उभा राहिलो."

मामीने बाजूच्या शिवणी चाचपल्या. "माया आहे. होईल." आणि चार टाचण्या तोंडात धरून ती कामाला लागली.

"पोट आत घेऊ का?"

"म्म्-हुं, उं-म्म्."

"ती म्हणतेय," मामा म्हणाला, "किती वेळ घेणार? कार्यक्रम दोन तासांचा आहे."

बँडमास्तर आरशात स्वतःकडे बघत राहिला. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बाई, हे पोट नाहीच मुळी. आयुष्यभर फुंकत आलो, त्यातली उरलेली हवा आहे. तुम्ही एक टाचणी जरा जोरात लावा. फुस्स होईल, आणि कोट आहे तसा बसेल."

मामी तोंड मिटून, नाकातून हसायची. कामाच्या वेळचं हसू ते. पण हे हसू पोटातून उसळून वर आलं. तिने एकदम श्वास ओढला, गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली. तिचा हात मानेकडे गेला, अर्ध्यातच थांबला आणि पुन्हा कोटाकडे वळला. मला वाटलं, हसू गिळलं.

बँडमास्तर गेल्यावर तिने कच्चे टाके घातले. टाचण्या उशीत लावल्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या. कोट उलटा करून शिवण न् शिवण चाचपली. मामाने चुंबक फिरवलं, आरशाखाली, यंत्राखाली, जिन्याखाली.

"माझ्याकडे नाही," तो म्हणाला.

"फरशीच्या फटीत गेली असेल," मामी म्हणाली. तिचा आवाज किंचित जपून येत होता.

थोड्या वेळाने मी वर गेले तर ती स्वयंपाकघरात उभी राहून पाव खात होती. नुसता, कोरडा. मोठमोठे घास, न चावता. वर एक केळं, तेही दोन घासांत.

"मामी, एवढी भूक?"

"गप गं. दुपारी नीट जेवले नव्हते."

आता सगळं सांगायला सोपं आहे. टाचणी गिळली गेली हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. घशात टोचत होतं. तिच्या वडिलांच्या कारखान्यात अशा वेळी कोरड्या पावाचे मोठे घास गिळायला लावायचे, म्हणजे अडकलेलं खाली सरकतं. पोटात गेलेली वस्तू आपली आपण बाहेर पडते. बहुतेक वेळा तसंच होतंही, हे पुढे डॉक्टरांनीच सांगितलं. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. घशात अडकलेल्या टोकदार वस्तूवर घास ढकलणं म्हणजे खिळ्यावर हातोडी मारणंच.

बुधवारी मनगटावरच्या उशीत पुन्हा बारा टाचण्या होत्या. कुणी काही विचारलं नाही.

गुरुवारी ती म्हणाली, घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या केल्या. शुक्रवारी गिळताना मान डावीकडे वाकवू लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे स्वतःच जाऊन आली. त्यांनी घशात बॅटरी मारली, लाल आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. काही गिळलंय का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची तिची पद्धत नव्हती. शनिवारी ताप होता. रविवारी दुकान बंद, तरी ती खाली जाऊन बँडमास्तरच्या कोटाशी बसली. मान लाकडासारखी ताठ. वळायचं तर ती खांद्यासकट वळायची.

"तू बैलगाडी झालीस," मामा म्हणाला.

"तुम्ही बसा मग मागे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

सोमवारी सकाळी ती तोंड धुवत होती. मी दारात टॉवेल घेऊन उभी. एक लहानसा खोकला आला, आणि बेसिन लाल झालं. थुंकीत मिसळलेलं नाही, नुसतं रक्त, ताजं, लालभडक, चूळभर. मग अजून तेवढंच. मी मामाला हाक मारली. तो जिना चढून येईपर्यंत रक्त थांबलं होतं. मामीने नळ सोडला, बेसिन धुतलं, तोंड पुसलं. तिचा चेहरा पांढरा होता, पण डोळ्यांत सुटल्याचा भाव.

"बघा," ती म्हणाली. "आत काय साचलं होतं ते फुटून निघालं. आता मोकळं वाटतंय."

मामाने खुंटीवरून तिची उशी काढली, खिशात घातली आणि म्हणाला, "चप्पल घाल."

"कशाला? थांबलंय ना?"

"चप्पल घाल म्हटलं ना!"

मामाचा असा आवाज मी त्या दोन वर्षांत दुसऱ्यांदा ऐकला नाही. मामीनेही बहुधा फारसा ऐकला नसावा. तिने चप्पल घातली.

मोठ्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाची डॉक्टर तरुण होती, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब. मामीची नजर पहिल्यांदा त्या बाहीवर गेली. डॉक्टरने नाकातून बारीक नळी घालून घसा बघितला.

"सूज खूप आहे. डावीकडे जास्त. काही गिळलं होतं का? माशाचा काटा? हाड?"

"नाही," मामी म्हणाली.

"नीट आठवा. आठवड्याभरात?"

"काटा नाही की हाड नाही."

ते खरंच होतं. मामी खोटं बोलत नसे, फक्त माया आत ठेवायची.

मामाने खिशातून उशी काढली आणि टेबलावर ठेवली. गोल, विटक्या तांबड्या मखमलीची, पट्टा झिजलेला. "डॉक्टर, हिच्याकडे बारा टाचण्या असतात," तो म्हणाला. "एकतीस वर्षं बाराच. यातल्या अकरा तिच्या आहेत. डोकी बघा, वापरून काळपट झालीत. ही बारावी पिवळी आहे. नव्या डबीतली. बुधवारपासून आहे ती इथे."

मामीने मामाकडे असं बघितलं की एरवी तो इस्त्रीमागे गेला असता. इथे इस्त्री नव्हती. तो तसाच उभा राहिला. मग तिने नजर उशीवर आणली, त्या पिवळ्या डोक्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "मंगळवारी. दुपारी. हसताना."

"त्यानंतर काय केलंत?"

"पाव खाल्ला. कोरडा."

डॉक्टरचा चेहरा बदलला. ती घाबरली नाही, तिची घाई वाढली. उठून तिने मामीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला अलगद मागे टेकवलं. "आता ऐका. इथून पुढे बोलायचं नाही. खोकायचं नाही, आला तरी दाबायचा. मान हलवायची नाही. काही खायचं-प्यायचं नाही. उठायचं तर अजिबात नाही."

"रक्त तर थांबलंय," मी म्हणाले.

"थांबलंय म्हणूनच घाई," ती म्हणाली आणि फोनकडे वळली.

स्कॅनचं चित्र मी बघितलं. करड्या मानेत एक पांढरी स्वच्छ रेघ, तिरपी. कुणी पेन्सिलने पट्टी लावून मारावी तशी. रक्तवाहिन्यांचे सर्जन साठीचे होते, चष्मा कपाळावर, बोटं लांब आणि शांत. त्यांनी मामाला आणि मला उभ्या-उभ्याच सांगितलं. टाचणी अन्ननलिकेच्या तोंडाशीच अडकली होती. पावाच्या घासांनी ती खाली न जाता भिंतीतून बाहेर सरकली, आणि तोंडातले जंतू बरोबर घेऊन गेली. तिथे पू झाला. तिचं टोक मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या मोठ्या वाहिनीला टेकलंय. पुवाने ती भिंत कुजत चाललीय, एका जागी फुगा आलाय.

"सकाळचं रक्त म्हणजे इशारा. तिथे गुठळी बसलीय, म्हणून थांबलं. ती निघाली तर पुढच्या वेळी आपल्याला काही करायला मिळणार नाही."

"किती वेळ आहे?" मामाने विचारलं.

"वेळ नाही असं धरून चाललोय. खोली तयार होतेय." मग ते मामाकडे वळले. "तुम्ही ते टाचण्यांचं सांगितलंत ना, त्याने अर्धा दिवस वाचला. नाहीतर आधी फुप्फुसं बघितली असती, मग पोट."

मामीला ढकलगाडीवरून नेत होते तेव्हा सर्जन तिच्याशेजारी चालत होते. मामी छताकडे बघत होती, मान दोन उशांमध्ये धरलेली. अचानक ओठ मिटलेले ठेवूनच ती म्हणाली, "म्म्-उं, म्म्-म्म्-हुं. उं."

नर्स दचकली. "काय होतंय? दुखतंय का?"

"नाही," मामा म्हणाला. गाडीच्या कडेला त्याचा हात होता. "ती म्हणतेय, निळ्या कोटाची शिवण अजून कच्च्या टाक्यावर आहे. कुणी ओढू नका."

सर्जन चालता चालता हसले. "त्यांना सांगा, नाही ओढणार. मीही आधी कच्चंच बघतो, मग पक्कं करतो."

"उं-म्म्."

"काय म्हणाल्या?"

मामा जरा अडखळला. "म्हणतेय, हात बरे आहेत तुमचे."

दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर आम्ही चार तास बसलो. बाक हिरवा, पत्र्याचा, एका पायाखाली कागदाची घडी सारलेली. मामा उशी हातात घेऊन बसला होता. तासाभराने म्हणाला, "बुधवारीच दिसली होती मला. पिवळी."

मी उशीकडे बघितलं.

"म्हटलं, हरवली असेल एखादी. लाज वाटतेय तिला. लपवतेय तर लपवू दे. एकतीस वर्षांत एकदा." त्याने पिवळी टाचणी उपसली, बघितली, परत खोचली. "पाच दिवस मी मोठेपणा करत बसलो."

"पण आज बोललास ना, मामा."

"तिने जे बघितलं माझ्याकडे!" तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं, आणि मग त्याने चेहरा भिंतीकडे वळवला. मी पाणी आणायला गेले. सावकाश गेले.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांची टोपी घामाने कपाळाला चिकटली होती. आधी त्यांनी वाहिनी फुग्याच्या खालून आणि वरून पकडली होती, मगच टाचणीला हात लावला. पू काढला. कुजलेला भाग कापून ठिगळ लावलं. अन्ननलिकेचं भोक लहान होतं, टाका घातला. हातपाय हलताहेत, शुद्धीवर येतेय. अजून पुढचे काही दिवस बघावे लागतील, पण टाके घालताना हाताला कापड चांगलं लागलं. ते 'कापड'च म्हणाले, आणि मामाने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी मी तिला भेटले. नाकात अन्नाची नळी, मानेला पट्टी, हाताला सलाईन. बोलायची बंदी. डोळे मात्र खोलीभर फिरत होते, पडद्याची दुमड कुठे उसवलीय ते शोधत. सर्जन फेरीवर आले तसं तिने बोटाने मामाला जवळ बोलावलं.

"उं-म्म्-म्म्?"

"ती विचारतेय, ठिगळ कशाचं लावलं?"

सर्जन खुर्ची ओढून बसले. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना बहुधा याची सवय नसावी, ते एकमेकांकडे बघू लागले. "तयार ठिगळं मिळतात," सर्जन म्हणाले, "कृत्रिम धाग्यांची. पण जिथे पू झालाय तिथे मी ती टाळतो. जंतू धाग्यात घर करतात, आणि मग सगळं पुन्हा उसवतं. म्हणून तुमच्याच मांडीतली शीर घेतली. उभी चिरून पसरवली आणि लावली."

"म्म्. म्म्-हुं-उं."

"म्हणतेय, बरोबर केलंत. परक्या कापडाचं ठिगळ पहिल्या धुण्यात आटतं आणि आजूबाजूचं ओढून ठेवतं."

"अगदी."

"उं?"

"दोरा?" मामा म्हणाला.

"केसाहून बारीक. विरघळत नाही. सलग टाका, दोन्ही टोकांकडून सुरू करून मधे गाठ."

मामीने डोळे मिटले. टाका मनात घालून बघत असावी. मग उघडले. "म्म्-म्म्?"

मामा हसला. "माया किती सोडली, विचारतेय." आणि त्याने माया म्हणजे काय ते समजावलं.

सर्जनांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "फार नाही हो. मानेत जागा कुठे असते?"

मामीने मानेवरच्या पट्टीला बोट लावलं. "उं," ती म्हणाली.

"म्हणतेय, मग जपून राहायला हवं."

नळी दोन आठवडे राहिली. एके दिवशी तिला पांढरं द्रव प्यायला लावून फोटो काढला, गळत नाही असं ठरलं, आणि तिने चमचाभर पाणी गिळलं. गिळताना तिने आमचा, मामाचा आणि माझा, एकेक हात धरला होता. पाणी गेलं. तिने रिकामा चमचा उलटा करून दाखवला. इंजेक्शनं मात्र चालू राहिली. जंतू ठिगळाखाली लपून बसतात म्हणून एकूण सहा आठवडे. आवाज गेला तो पूर्ण परत आला नाही. आवाजाच्या एका नसेला त्या पुवाने धक्का पोचवला होता. घोगरा, थोडा हवा गळणारा. "तुतारीतून बोलल्यासारखा," ती म्हणायची.

दुकानात परत आली त्या दिवशी तिने शिकणाऱ्या दोघींना समोर उभं केलं.

"ऐकलं असेलच तुम्ही. तरी माझ्या तोंडून ऐका. मी टाचणी गिळली. वर पाव खाल्ला. वर सहा दिवस गप्प बसले. एकावर एक तीन गाढवपणे. टाचणी, हाड, काटा, काही गिळलं गेलं तर काही खायचं नाही, सरळ हॉस्पिटलात जायचं आणि पहिल्या वाक्यात सांगायचं. लाज नंतर. कळलं?"

"कळलं, बाई."

"आणि तोंडात कुणीही टाचणी धरायची नाही."

धाकटी हळूच म्हणाली, "तुमचं तोंड तर एकतीस वर्षांचं..."

"निवृत्त झालं ते," मामी म्हणाली.

सर्जनांनी टाचणी एका छोट्या बाटलीत घालून दिली होती. मध्यात किंचित वाकलेली, काळी पडलेली. मला वाटलं, ती कुठेतरी जपून ठेवेल. तिने बाटली उजेडात धरून एकदा बघितली आणि मामाकडे दिली. "वाकलेल्या टाचणीने कापड फाटतं. टाका." मामाने ती घेतली. टाकली की नाही, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी निळा कोट शेवटच्या ट्रायलला लागला. बँडमास्तरचा कार्यक्रम होऊन गेला होता, त्याने तो शर्टावर वाजवला होता. कोट त्याने दुसरीकडे नेला नाही. मामी घरी नसताना दोनदा दुकानात येऊन नुसता बघून गेला होता. आज तो आरशासमोर इतका गुपचूप उभा होता की त्याच्या गालांतली हवाही गेल्यासारखी दिसत होती.

"बाई, मी त्या दिवशी ते बोललो नसतो तर..."

"तर मी हसले नसते. हात वर करा." मामी गुडघ्यांवर बसली. डाव्या मनगटावर उशी. एक टाचणी उशीतून घेतली, लावली. मनगट वळवून दुसरी घेतली. काम पूर्वीपेक्षा हळू चाललं होतं, आणि तिला ते आवडत नव्हतं, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. "हं. आता बटण लावा."

बटण लागलं. पितळी, चकचकीत. बँडमास्तरने आरशात बघितलं, श्वास सोडला. बटण जागचं हललं नाही.

"बसला," तो म्हणाला. मग न राहवून, "पण बाई, आता ही हवा जायची कुठे?"

मामीने त्याच्याकडे मान वर करून बघितलं. आणि हसली. तोंड उघडून, घोगऱ्या आवाजात, पुढे-मागे डोलत, एक हात फरशीवर टेकून. दोन वर्षांत ट्रायलच्या मधे तिचे दात मी पहिल्यांदा बघितले. मामा इस्त्री उभी करून बघतच राहिला. हे हसू त्याला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

बँडमास्तर गेल्यावर तिने खडूच्या रेघा मारल्या, टाके घातले, टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मग मनगटाचा पट्टा सोडून उशी इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

"अहो, मोजा."

मामाने तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ते तिचं काम होतं. त्याने हात पुसले आणि बोटाने एकेका डोक्याला हात लावत मोजलं.

"बारा."

"पिवळी धरून?"

"पिवळी धरून."

"पुन्हा मोजा," मामी म्हणाली, आणि कोट घडी घालायला घेतला.